सतरावा घाणा

मालू, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत मी तुझ्याशी जेवढी बोलले तेवढी कदाचित गेल्या वर्षभरात बोलले नसेन. ट्राममध्ये बोलते, कपडे वाळत घालताना बोलते. परवा आई म्हणाली, "कमल, ओठ हलतायत तुझे." मी म्हटलं, जप करतेय. तिने काही विश्वास ठेवला नाही.

परळला आपल्या संशोधन संस्थेत तुझी शोकसभा झाली. खुर्च्या कमी पडल्या. संचालकांनी तुझ्या पदव्या वाचल्या, तुझे निबंध कुठे कुठे छापून आले ते वाचलं आणि शेवटी तुझ्या 'अबोल निष्ठे'बद्दल बोलले. अबोल! तू शेजारी असतीस तर मला कोपराने ढोसलं असतंस. मग त्यांनी मला बोलायला सांगितलं. मी उठले, टेबलाला धरून उभी राहिले आणि तशीच खाली बसले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं तूच सगळ्या मजल्यावर सांगत फिरायचीस ना, तीच मी. लोकांना वाटलं, दुःखाने बोलवत नाही. दुःख होतंच, खोटं कशाला बोलू. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती चारचौघांत सांगायची माझी छाती झाली नाही. ती आदल्याच दिवशी मला कळली होती. ती इथे लिहिते.

आपलं काम तिघांचं होतं. मी रसायनवाली, तू प्राण्यांच्या शरीराची, आणि रस्त्यापलीकडच्या इस्पितळातले डॉक्टर गुप्ते माणसांचे. आपल्यासमोर होती बिट्टी, पिवळ्या कण्हेरीचं बी. गिरगावात आम्ही लहानपणी तिच्या बियांनी खेळायचो आणि आई ओरडायची, तोंडात घालू नका, मराल. ती म्हणायची ते खरंच होतं. बिट्टीत जे विष आहे ते हृदयाला आवळतं. पण नेमकं मापात दिलं तर थकलेल्या हृदयाला तेच जोर देतं, पायांवरची सूज उतरते, माणसाला आडवं पडून झोपता येतं. परदेशी गोळ्या गुप्त्यांच्या वॉर्डात कधी मिळायच्या, कधी नाही. आपली गोळी आपल्या कुंपणावरच्या झाडातून काढायची, एवढा साधा हट्ट होता आपला.

मी बिया फोडायची, तेल काढून टाकायची, उरलेली पेंड पाण्यात कालवून लगेच स्पिरिटमध्ये घालायची आणि त्यातून पांढुरकी पूड काढायची. एका वेळी निघालेल्या पुडीला आपण 'घाणा' म्हणायचो. हे नाव तुझं. पहिल्यांदा तू माझ्या खोलीत डोकावून म्हणालीस, "काय गं, चकलीचा पहिला घाणा निघाला का?" आणि तेच चिकटलं. प्रत्येक घाणा आधी तुझ्याकडे यायचा. कबुतराला गुंगी देऊन पंखाखालच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडायचं आणि त्याचं हृदय थांबायला किती लागलं ते लिहायचं. कमी लागलं तर घाणा जोरदार, जास्त लागलं तर सौम्य. तू सांगितल्याशिवाय गुप्ते कुणाच्या जिभेवर एक कण ठेवायचे नाहीत.

तुझी कबुतरं मारायची पद्धत मला कधी झेपली नाही. तू आधी पाखरू काखेत धरून बसायचीस. पाच मिनिटं, कधी दहा. त्याची धडधड खाली येईपर्यंत. मी चेष्टा करायची, "लाड करतेस आणि मग मारतेस, कसाई बरा." तू म्हणायचीस, "घाबरलेल्या पाखराचा आकडा खोटा येतो." मग जरा थांबून, "आणि घाबरवून कशाला मारायचं?" यातलं शास्त्र कुठे संपायचं आणि तू कुठे सुरू व्हायचीस ते मला कधीच कळलं नाही.

आणि तुझं ते रजिस्टर. आकडे इंग्रजीत, पण शेवटचा रकाना 'शेरा', तो मराठीत. संचालक कुरकुरायचे. तू म्हणायचीस, "मुंबई मिळेल तेव्हा मिळेल, हा रकाना मी आत्ताच घेतला." त्या रकान्यात तू काय वाटेल ते लिहायचीस. 'पाखरू भित्रे. आकडा धरू नये.' 'आज माझेच हात गार होते. पुन्हा करावे.' स्वतःची चूक इतक्या निवांतपणे लिहिणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मी मात्र तुझ्या रजिस्टरात नेहमी एकच रकाना बघायची, किती लागलं त्याचा. बाकीचं ते पाखरांचं पुराण, असं मी म्हणायची.

आता त्या जानेवारीकडे येते. तिथे आल्याशिवाय सुटका नाही.

मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही अशी बातमी आली आणि शहर पेटलं. त्या दुपारी मी सतराव्या घाण्याची पेंड पाण्यात कालवून बसले होते. स्पिरिट हवं होतं. दारूबंदीचे दिवस, स्पिरिटचं कपाट कुलूपबंद आणि किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात. स्टोअरकीपर केव्हाच घरी पळाला होता. लालबागच्या बाजूने घोषणा ऐकू येत होत्या. मी पेंडीवर झाकण ठेवलं, उद्या बघू म्हटलं आणि चालत गिरगाव गाठलं. उद्या काही उजाडलाच नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोळीबार झाला, संचारबंदी लागली, आणि मी चौथ्या दिवशी परत आले तेव्हा पेंडीला आंबूस वास येत होता. फेकायला हवी होती. पण बिया कोकणातून मागवलेल्या, पुन्हा कधी येतील कोण जाणे. मी तशीच पुढे गेले. वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, 'तीन दिवस भिजली, संचारबंदी.' पूड निघाली ती दिसायला नेहमीसारखीच होती.

दोन दिवसांनी तू मला बोलावलंस. गुप्ते तिथेच होते. तुझा चेहरा अगदी लहान मुलीसारखा झाला होता.

"कमळे, हा घाणा वेगळाय. नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्यातच काम होतंय. तिप्पट जोर आहे याला."

दुसरी कुणी असती तर आनंदाने उडी मारली असती. मी घाबरले. माझा प्रबंध टाइप व्हायला गेला होता. त्याचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा होता, की माझ्या पद्धतीने काढलेला प्रत्येक घाणा सारख्याच जोराचा निघतो. सोळा घाण्यांनी ते सिद्ध केलं होतं. आणि तू सतरावा हातात घेऊन हसत उभी होतीस.

मी म्हटलं, "आंबलेलं औषध कमजोर होतं, मालू. जोरदार झालेलं ऐकलंयस कधी?"

"नाही ऐकलं. म्हणून तर सांगतेय."

"तीन दिवस फाटक बंद होतं. तुझी पाखरं उपाशी. उपाशी पाखराचं काळीज कशानेही थांबेल."

तुझं हसू गेलं. तू गुप्त्यांकडे पाहिलंस, मग दाराकडे पाहिलंस. मग एवढंच म्हणालीस, "रजिस्टर बघ."

"रजिस्टरात काय भूक लिहितात?"

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण माझी जीभ एकदा सुटली की सुटली. मी म्हटलं, "तू आणि तुझी आई शिवाजी पार्कावर घोषणा देत होतात, इथे पाखरं तडफडत होती. आता त्याचं खापर माझ्या घाण्यावर फोडू नकोस."

तू गप्प. मला ते गप्प बसणं कबुलीसारखं वाटलं. गुप्ते बिचारे भले माणूस, भांडण मिटवायला म्हणाले, "संशय आहे ना? मग तो माझ्या पेशंटला नको. पुढचा घाणा करा." मी बाटली उचलली, माझ्या खोलीत गेले आणि सतरावा घाणा मोरीत ओतून वर नळ सोडला. तू मागून धावत आलीस. "अगं थांब, चिमूटभर तरी ठेव!" पण मोरी स्वच्छ झाली होती.

त्यानंतर अकरा दिवस आपण बोललो नाही. बाराव्या दिवशी तू खरवसाची वाटी घेऊन आलीस आणि जणू काही झालंच नाही अशी बोलायला लागलीस. मला वाटलं, चूक हिची होती म्हणून ही आली. देवा रे, मी खरंच तसं समजले. तो खरवस मी हक्काने खाल्ला.

अठरावा घाणा नीट निघाला, पुढचेही. प्रबंध मंजूर झाला. पण गुप्त्यांचा वॉर्ड आपल्यावर खूश नव्हता. आपलं औषध सौम्य, म्हणून मात्रा मोठी, आणि मोठी मात्रा पोटात टिकायची नाही. तुला राणे आठवतात? लालबागचे, गिरणीत साच्यावर म्हणजे मागावर काम करणारे, दम लागून लागून मिल सुटलेले. आपण दोघी वॉर्डात गेलो होतो तेव्हा उठून बसायला धडपडले होते. "बाय, औषद बरा असा. सूज उतारता. पन पोटात ऱ्हवना नाय हो." आणि दोन्ही हात जोडले, जणू औषध ओकून पडतं हा त्यांचाच गुन्हा. महिन्याभराने गुप्त्यांनी आपली चाचणी थांबवली. राण्यांना घरी पाठवलं. पुढच्या गणपतीच्या आत ते गेले.

तू त्या दिवशी जिन्यात मला गाठलंस. "कमळे, तिसऱ्या हिश्श्यात काम झालं असतं तर कदाचित टिकलं असतं पोटात. एकदा पेंड तीन दिवस भिजव. फक्त एकदा. पाखरं मी सांभाळेन."

"पुन्हा तेच?"

"रजिस्टर बघितलंस का तू?"

"नाही आणि बघणारही नाही."

चार वर्षं हे चाललं. दर दोन-चार महिन्यांनी तू भिजवण्याचा विषय काढायचीस, कधी हसत, कधी चिडून. एकदा तर भर पंगतीत, आमच्या धाकट्या भावाच्या लग्नात, मठ्ठा वाढता वाढता माझ्या कानात म्हणालीस, "हे बघ, दूधही ठेवलं की बदलतं." मी ताटावरून उठणार होते. मला तो तुझा चक्रमपणा वाटायचा, आणि आत कुठेतरी भीती. तू खरी ठरलीस तर मी मोरीत काय ओतलं, हा प्रश्न येणार होता. त्या प्रश्नाच्या वाटेला मला जायचं नव्हतं.

यंदा मे महिन्याच्या पहिल्या तारखेला आपण तिघी शिवाजी पार्कावर होतो, तू, मी आणि तुझी आई, म्हणजे माई. केवढी रोषणाई, केवढी माणसं. माई रडत होत्या. कुणीतरी अनोळखी बाईने आपल्या तोंडात पेढे कोंबले. तू पेढा खात खात म्हणालीस, "झालं बाई एकदाचं. मुंबई मिळाली. आता तू माझी पेंड भिजव." मी म्हटलं, "आजच्या दिवशी तरी ती कबुतरं नकोत गं." तू हसलीस आणि माझा हात धरलास. तुझा हात तापलेला होता का गं तेव्हाच? मी हज्जारदा आठवून बघितलं. आठवत नाही.

मग कावीळ. पहिल्या आठवड्यात तू उशांना टेकून रुबाबात पडली होतीस. "बघ, मीच आता बिट्टीचं फूल झाले." मी हसले आणि बाहेर येऊन जिन्यात रडले. दुसऱ्या आठवड्यात गुप्त्यांनी तुला त्यांच्याच वॉर्डात आणलं. मी रोज यायची आणि बडबडायची, कारण गप्प बसले की भीती वाटायची. संस्थेतल्या कागाळ्या, वर्तमानपत्राचा नवा संपादक, आमच्या शेजाऱ्यांचा रेडिओ. शेवटच्या आदल्या दिवशी तू डोळे न उघडता विचारलंस, "बिया आल्या का?" मी म्हटलं, "आल्या." पुढचं तू विचारलं नाहीस. आणि मी, जिला कुणी न विचारता तासभर बोलता येतं, मी एवढंच म्हणू शकले नाही की भिजवते.

तुझ्या तेराव्या दिवशी मी दादरला माईंकडे गेले. त्यांनी तुझी पुस्तकं बांधून ठेवली होती, संस्थेची होती ती. वर एक पितळी डबा ठेवला होता, कडीचा, एका बाजूने चेपलेला.

"हा पण ने. तिच्या कबुतरांचा."

"कबुतरांचा डबा?"

"अगं, त्या संचारबंदीतला. तुला माहीत नाही?" आणि माई सांगू लागल्या, सहज, जुनी आठवण सांगावी तशी. "तिन्ही दिवस जात होती. डब्यात ज्वारी भरायची, वर फडकं बांधायची, आणि कुणी अडवलं की म्हणायची, इस्पितळात डबा पोचवायचाय. परळ म्हटलं की पोलीस सोडायचे. दुसऱ्या दिवशी एकाने उघडायला लावला. आत कच्ची ज्वारी! तो म्हणाला, तुमचा पेशंट कच्ची ज्वारी खातो का? तर ही म्हणे, पेशंटला चोच आहे. तो हसला म्हणून वाचली. मी केवढी भांडले तिच्याशी. म्हटलं, बाहेर माणसं मरतायत आणि तुला पाखरांचं पडलंय? तर म्हणाली, माई, आपण निदान घोषणा तरी देतो. ती कोंडलेली आहेत."

मी विचारलं, "आत कशी गेली? फाटक तर बंद होतं."

"तो तुमचा पहारेकरी नाही का, परब. मागचं दार उघडायचा. वरून सक्त हुकूम होता म्हणे, कुणाला आत घेतलं तर नोकरी जाईल. त्याची चार पोरं. ही त्याला शब्द देऊन आली होती, तुमचं नाव निघणार नाही. मला सांगितलं तेसुद्धा शपथ घालून. आता काय, आता कुठली शपथ."

माई, पाणी द्या, एवढंच मी म्हणाले.

मालू, मी तिथून टॅक्सी केली. संस्थेत आले, तुझ्या खोलीचं कुलूप काढायला लावलं आणि रजिस्टर उघडलं. सतरावा घाणा. माझा लाडका रकाना मी सोडला आणि त्याच्या डावीकडे पाहिलं, जिथे मी चार वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. वजन. प्रत्येक पाखराचं वजन, संचारबंदीच्या आधीचं आणि प्रयोगाच्या दिवशीचं, दोन्ही. कुणाचं रतीभर कमी नाही. एकाचं तर वाढलेलं. 'रजिस्टरात काय भूक लिहितात?' लिहितात की गं. पाखरांची भूक अजून कुठे लिहितात? तू एका शब्दाने खोटं बोलली नाहीस, एक आकडा लपवला नाहीस, परबांना दिलेला शब्दही मोडला नाहीस. मी फक्त मान वळवून बघायचं होतं. आणि उजवीकडे शेरा, तुझा तो मराठी शेरा, तेवढ्याच ओळीला कोरा.

मी तुझ्यावर खूप चिडले, खोटं नाही सांगत. त्या खोलीत तुझ्या स्टुलावर बसून तुला शिव्या घातल्या. माझ्या कानात नाही का सांगायचं? एकदा? पण मग तुझ्या जागी बसून विचार केला. तू कमळीला सांगितलं असतंस, कमळीने सगळ्या मजल्याला सांगितलं असतं, आणि परब घरी बसले असते. तू मला ओळखत होतीस. म्हणून तू मला दुसरी वाट दिलीस, पेंड भिजव. त्या वाटेने गेले असते तर कुणाचं नाव न घेता खरं बाहेर आलं असतं. तू त्या वाटेवर चार वर्षं उभी राहिलीस आणि मी आले नाही.

त्याच संध्याकाळी मी पेंड कालवली आणि झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी शोकसभा होती. मी टेबलाला धरून उभी होते तेव्हा खालच्या मजल्यावर ती भिजत होती.

तिसरा दिवस आज संध्याकाळी भरेल, मग पूड काढायची असं ठरवलं होतं. पण माझ्याने धीर धरवेना, म्हणून काल संध्याकाळी, दोन दिवसांनीच, थोडी पेंड काढून पुढे नेली. शास्त्राला ते चालत नाही, पूर्ण तीन दिवसांचं पुन्हा करायचंच आहे. बाकीची अजून झाकून आहे. शेजारी एक नेहमीचा, न भिजवलेला घाणाही काढला. डॉक्टर गुप्त्यांना आज सकाळी बोलावलं आणि सगळं सांगितलं, परबांचं नाव सोडून. त्यांनी बाह्या वर सरकवल्या. मग म्हणाले, "सुई मी धरतो. पाखरू तुम्ही धरा."

मी आजवर कबुतराला हात लावला नव्हता, तुला माहीत आहे. माई म्हणाल्या होत्या तशी ज्वारी त्याच डब्यातून घातली. वजनं केली, लिहिली. मग पहिलं पाखरू काखेत धरून बसले. केवढं गरम असतं गं ते. त्याचं काळीज माझ्या बरगडीवर इतक्या जोरात आपटत होतं की आपटणारं त्याचं की माझं ते कळेना. गुप्ते म्हणाले, "धरू नका, नुसतं ठेवा." मी नुसतं ठेवलं. हळूहळू ते निवलं. मग मला कळलं की मीही निवलेय, सोळा दिवसांत पहिल्यांदा.

नेहमीच्या घाण्याला नेहमीइतकंच लागलं. भिजवलेल्याला निम्म्याहून कमी. तीनही पाखरांना. गुप्त्यांनी सुई खाली ठेवली आणि इतकंच म्हणाले, "होत्या बरोबर मालतीबाई."

माणसाच्या पोटात हे टिकेल का, ते अजून माहीत नाही. कदाचित जोराबरोबर ओकारीही तिप्पट होईल. गुप्ते म्हणतात, ते आता पायरीपायरीने शोधायचं, घाई नाही. राण्यांना याचा उपयोग झाला असता का, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. त्यांचे ते जोडलेले हात मात्र मला दिसतात आणि त्यांनी मला कधी दोष दिला नाही, हेच मला जास्त लागतं. मी एक बाटली मोरीत ओतली, मालू, आणि त्यातून चार वर्षं वाहून गेली. क्षमा मागायला उशीर झाला आहे. तरी मागते.

दुपारी फाटकाशी गेले. परब स्टुलावर बसले होते. मी डबा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो ओळखला, हातात घेतला आणि चेपलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला.

मी म्हटलं, "परबमामा, एक ओळ लिहायची राहिलीय रजिस्टरात. तुमचं नाव येणार नाही. पण लोक विचारतील."

"लिवा ओ बाय," ते म्हणाले. "माका आता कोन काय करतलो? पुढल्या म्हयन्यात मी गावाक जातलंय." डोळे पुसले. "दिलेलो शबूद पाळल्यान हां बाईन. लिवा. माजा नावपन लिवा."

मग वर आले. तुझं रजिस्टर उघडलं, तुझंच पेन घेतलं. इंग्रजी आकड्यांना हात लावला नाही. सतराव्या घाण्याच्या ओळीत, तुझ्या मराठी रकान्यात, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं:

'कबुतरे उपाशी नव्हती. मालती रोज चालत येऊन दाणे घालीत होती. दार परबांनी उघडले. चूक माझी. — कमल.'